चौकटीत काय असावे?
(जानकीपुरम, लखनौ येथील माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली ज्या लखनौत संगीत महाविद्यालय उभे केले, त्याच नगरीत शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त आपण भेटत आहोत. असंख्य रागांसाठी पंडितजींनी दहाच थाटांची चौकट मांडली. ती आटोपशीर होती, म्हणूनच शिकवता आली.

येथील आपले अनेक माजी विद्यार्थी संगणकक्षेत्रात आहेत. त्यांच्याच व्यवसायातील एक उदाहरण देते. ‘जँगो’ ही संकेतस्थळे उभारण्याची मुक्तस्रोत चौकट. अमेरिकेतील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात ती जन्मली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात पूर्वी देशोदेशींचे पिनकोड, राज्यांच्या याद्या असा एक विभाग होता. त्यात भारतही होता. परंतु हे तपशील देशागणिक निराळे आणि सतत बदलणारे. त्यांची निगा मोजक्या सांभाळकर्त्यांनी किती राखावी? २०१३ च्या आवृत्तीत तो विभाग मुख्य चौकटीतून काढून स्वतंत्र करण्यात आला. पुढच्याच वर्षी तेलंगण राज्य झाले. राज्यांच्या यादीत एका नावाची भर घालण्यासाठी संपूर्ण चौकटीच्या नव्या आवृत्तीची वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते. भाषांतराची यंत्रणा मात्र चौकटीतच राहिली, कारण तिची गरज कोणत्याही भाषेला पडते. मराठीलाही तेथे स्थान मिळाले आहे.

वेगळा केलेला विभाग निरुपयोगी नव्हता. तो आजही वापरात आहे. ‘हे चांगले आहे का?’ एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. ‘हे सर्वांना लागते का, आणि उद्या याची जबाबदारी कोण घेईल?’ हेही विचारावे लागते.

आपल्या शाळेपुढे आज हाच प्रश्न आहे. मराठी वाचनाचा तास बंद करून त्या जागी संगणक-प्रणालीलेखन शिकवावे, अशी काही पालकांची सूचना आहे. सूचना कळकळीची आहे. तथापि वाचन प्रत्येक मुलाला, प्रत्येक विषयासाठी लागते. तो तास वेळापत्रकातच राहील. प्रणालीलेखनाचा वर्ग शनिवारी दुपारी, ऐच्छिक म्हणून भरेल. त्यासाठी संगणककक्ष शाळा देईल; शिकवण्याचा भार मात्र माजी विद्यार्थ्यांनी किमान तीन वर्षे उचलावा. एका वर्षाच्या उत्साहावर मुलांना अर्ध्या वाटेत सोडता येणार नाही.

ज्यांची तयारी असेल, त्यांनी आजच नावे द्यावीत, ही विनंती करून मी आपली रजा घेते.