स्मृतिचिन्हाचे लाकूड

(सुवर्णमहोत्सव समारंभात दिवंगत संस्थापक विश्वस्तांच्या कुटुंबीयांना स्मृतिचिन्हे अर्पण करण्यापूर्वी केलेले भाषण)



थोड्याच वेळात आपल्या ११ दिवंगत संस्थापक विश्वस्तांच्या कुटुंबीयांना सागवानी कोरीव स्मृतिचिन्हे अर्पण केली जातील. ती करवून घेण्याची जबाबदारी समितीने माझ्याकडे सोपविली होती. तेव्हापासून मंदिरात, दुकानात, लग्नकार्यात भेटणारा प्रत्येकजण मला एकच प्रश्न विचारीत आला आहे : हे हातचे काम की मशीनचे ? या प्रश्नाचे उत्तर आज सर्वांसमक्ष द्यावे, असे मला वाटते.

मूळ नमुना एका सुतार मिस्त्रींनी हाताने कोरला. त्यावरून ११ प्रती संगणकावर चालणाऱ्या यंत्राने, म्हणजे ज्याला सीएनसी राऊटर म्हणतात त्याने, उतरविल्या. अखेरचा हात पुन्हा मिस्त्रींनीच फिरविला.

प्रथम लाकडाविषयी. नव्या सभागृहासाठी आपली जुनी धर्मशाळा उतरविली, तेव्हा तिच्या तुळया वखारीवाल्याला विकण्याचे ठरत होते. त्याच तुळयांखाली बसून या ११ जणांनी पहिल्या सभा घेतल्या होत्या. श्रावकाचारात वर्ज्य सांगितलेल्या पंधरा व्यवसायांत वनकर्म येते. स्मृतिचिन्हासाठी उभे झाड पाडण्याचे कारणच नव्हते. घरचे सागवान होते, पन्नास वर्षांहून अधिक काळ वाळलेले आणि त्यामुळे वाकण्या-पिळण्याची भीती नसलेले. एक तुळई मात्र बाजूला ठेवली. तिच्या टोकाला ताजी भोके आणि भुसा दिसला, म्हणजे आत जीव होते. ती सावलीत तशीच पडून आहे. बाकीच्या तुळयांवर लोहचुंबक फिरवून खिळे काढले. एवढे करूनही एक खिळा आत राहिलाच आणि यंत्राचे एक पाते गेले.

आता यंत्राविषयी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु ते चालताना पाहिले आणि मला आमच्या धंद्यातील जेकार्ड माग आठवला. फ्रान्समधील लियाँ येथे जेकार्ड यांनी १८०४ साली भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. पुठ्ठ्यावर भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो, आणि नक्षी आपोआप विणली जाते. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी छिद्रांच्या कार्डांवरील आकड्यांनी धातू कापण्याची कल्पना मांडली आणि १९५२ साली एमआयटी या संस्थेत छिद्रांच्या कागदी फितीवर चालणारे कापयंत्र दाखविण्यात आले. पुढे फितीच्या जागी संगणक आला, इतकेच. आपण कापडवाले ज्या पुठ्ठ्यांना ओळखतो, त्यांच्याच कुळातील हे यंत्र आहे.

त्याचे पाते तीन दिशांनी फिरते : लांबी, रुंदी आणि खोली. आधी जाड पात्याने नको ते लाकूड काढून टाकतात. नंतर टोकाशी २ मि.मी. गोलाई असलेले बारीक पाते पाव मि.मी. अंतराने एकेक ओळ कोरीत जाते. आपले स्मृतिचिन्ह १५ इंच लांब व १२ इंच रुंद आहे. मी सवयीने हिशेब केला. सुमारे १,२२० ओळी होतात आणि पाते एका फळीवर जवळजवळ ४६५ मीटर चालते. मिनिटाला दोन मीटर या वेगाने सुमारे चार तास लागतात. सागवानाचा बारीक भुसा श्वासाला घातक असतो, म्हणून भुसा ओढणारा पंखा आणि तोंडाला मास्क असल्याखेरीज काम करू नये, हे कारखानदारांना आम्ही आधीच सांगितले होते.

मधोमध नाव आणि सभोवती अष्टमंगल द्रव्ये आहेत : झारी, कलश, दर्पण, चामर, ध्वज, पंखा, छत्र आणि ठोणा. भगवंतांची प्रतिमा असावी, अशी काहींची भावना होती. परंतु स्मृतिचिन्ह बैठकीत लागते, उद्या कपाटावर जाते, परवा माळ्यावर. तेथे प्रतिमेचा अविनय होईल, म्हणून ती घेतली नाही. नावाआधी 'कै.' लिहावे की 'स्व.' यावर समितीची पूर्ण एक बैठक खर्ची पडली. कैलासवास आपल्या तत्त्वात बसत नाही आणि कोणाची गती कोणती झाली, हे आपण ठरविणारे कोण ? शेवटी नुसते नाव आणि सेवेची वर्षे कोरली. देवनागरी अक्षरांनीही यंत्राला घाम फोडला. 'ष' आणि 'थ' यांच्या पोटातील लाकडाचा कण रेषेच्या दिशेने उडून जाई. अखेर अक्षरे मोठी करावी लागली.

२ मि.मी. गोलाईचे पाते कोपऱ्यात पोहोचत नाही. चामराचे केस आणि ध्वजाच्या घड्या यंत्राने नुसत्या सुचविल्या होत्या. त्या मिस्त्रींनी पटाशी व कोरणीने उघडल्या. प्रत्येक फळीवर त्यांचे जवळजवळ दोन दिवस गेले.

येथे मला एका व्रताची आठवण करून द्यावीशी वाटते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत प्रतिरूपक व्यवहार हा एक आहे : अस्सल म्हणून नक्कल देणे. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकण्याचा मोह आमच्या व्यवसायाला नवा नाही. २००६ साली केंद्र सरकारला हातमागासाठी स्वतंत्र 'हँडलूम मार्क' काढावा लागला, यातच सारे आले. म्हणून प्रत्येक स्मृतिचिन्हाच्या पाठीमागे 'नमुना हाताचा, कोरणे यंत्राचे, सफाई हाताची' असे कोरले आहे. मागे लिहिल्याने शोभा जाते, असे काही जण म्हणाले. मला तसे वाटत नाही.

मिस्त्रींचा मोबदला हाही याच व्रताचा भाग. एकदा नमुना संगणकात गेला की, मूळ कारागिराला एकदाच पैसे देऊन कितीही प्रती काढता येतात. आम्ही त्यांना नमुन्याचे वेगळे, प्रत्येक प्रतीमागे वेगळे आणि सफाईचे वेगळे मानधन दिले. त्यांच्या संमतीशिवाय बारावी प्रत निघणार नाही, असे लेखी ठरले आहे.

पूर्वीच्यांचे काम हाताचे होते म्हणून ते टिकले, असाही एक युक्तिवाद ऐकला. पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव लाकडी मंडप आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तो १९१६ साली तेथे गेला. देणाऱ्यांपैकी लॉकवुड डी फॉरेस्ट यांनी १८८१ साली अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्यासमवेत लाकडी कोरीवकामाची कार्यशाळा उभारली होती. हे हठीसिंग आपल्याच समाजाचे. इतके अप्रतिम हातकाम, पण आज ते पाहायचे तर सातासमुद्रापार जावे लागते.

पॉलिशचा प्रश्न शेवटी उरला. सुताराचे नेहमीचे स्पिरिट पॉलिश चपडा लाखेचे असते, आणि लाख काढताना असंख्य किडे मरतात. लाखेचा व्यापारही त्या पंधरांतच आहे. म्हणून जवसाचे तेल सुती कापडाने चोळले. ब्रश घेतला नाही, कारण त्याचे केस बहुधा डुकराचे असतात. दोन फळ्या जोडताना सरस टाळला, कारण तो जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. पेटीला आतून रेशीम नाही, सुती मलमल आहे. तेलही घाण्यातूनच येते, अशी शंका एका जाणकारांनी काढली. शंका रास्त आहे. गृहस्थाला आरंभी व उद्योगी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, ती कमी करणे तेवढे आपल्या हाती असते.

कुटुंबीयांना एक विनंती. भेट भिंतीवर लावल्यास उन्हाची तिरीप तिच्यावर पडू देऊ नये. वर्षातून एकदा सुती फडक्याने जवसाचे तेल पुसावे, व्हार्निश मुळीच लावू नये. काही फळ्यांवर जुन्या खिळ्यांची काळी खूण दिसेल. ती मुद्दाम राहू दिली आहे, भरून घेऊ नये.

आता मी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो की, त्यांनी पहिले नाव वाचावे. नमुना कोरणारे मिस्त्री तिसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांनीही मंचावर यावे. जय जिनेंद्र.