कागद वाचणारी माणसे हवीत
(इंदूर येथे मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही नोकरीविषयी बोलणार आहोत. आपल्या घरांत हा विषय निघाला की पुणे, बंगळूर नाहीतर परदेश, एवढीच नावे निघतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरी बसून काम करण्याची सोय झाली, पण ती संगणक कंपन्यांपुरतीच आहे असा आपला समज आहे. पर्यावरणीय न्यायाच्या क्षेत्रातही बरेचसे काम घरून होते. नाव जड वाटते, अर्थ सोपा आहे. कारखान्याचा नफा एकाला आणि धूर दुसऱ्याला, धरणाचे पाणी एकाला आणि बुडीत दुसऱ्याला, असे होते तेव्हा त्या दुसऱ्याच्या बाजूने कायद्याने भांडायचे, एवढेच ते काम.

उदाहरणासाठी आपल्याला लांब जायला नको. भोपाळची वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री झाली. त्या कारखान्यातला विषारी कचरा चाळीस वर्षे तिथेच पडून होता. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये मुदत घालून दिली आणि १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून ३३७ टन कचरा निघाला, तो दुसऱ्या दिवशी पिथमपूरला पोहोचला. म्हणजे आपल्या उंबरठ्याशी. ३ तारखेला तिथे मोठे आंदोलन झाले, दोघांनी अंगावर आग लावून घेतली. पुढे तीन चाचण्या झाल्या आणि जून २०२५ अखेर सगळा कचरा जाळून झाला. राख आणि चुना वगैरे मिळून उरले ते आठशे टनांहून अधिक. ते कुठे पुरायचे, हा पुढचा वाद.

भट्टीतून निघालेली हवा मर्यादेत होती असे सरकारी अहवाल सांगतात. आम्ही रसायनतज्ज्ञ नाही, त्यावर निकाल देणार नाही. पण भोपाळच्या गरीब वस्तीशेजारचे ओझे उचलले गेले आणि तारपुरा गावाशेजारी ठेवले गेले, हे दिसायला तज्ज्ञ लागत नाही. राजवाड्याजवळ किंवा आपल्या कॉलन्यांजवळ ते ठेवण्याचा विचारही कोणी केला नसता.

त्या जानेवारीत आपल्या घरोघरी चर्चा झाली, पेपर वाचून झाले. इंदूरच्या डॉक्टरमंडळींपैकी काही न्यायालयातही गेली. पण कचरा कोणत्या तापमानाला जळतो, चिमणीतून काय मोजले जाते, प्रदूषण मंडळाचा अहवाल कसा वाचायचा, हे तारपुऱ्याच्या माणसाला त्याच्या भाषेत, निवांत बसून सांगणारे किती जण होते? रस्त्यावर उतरणारे होते, कागद वाचणारे कमी पडले. कागद वाचणे हे तर आपल्या घराण्यांचे पिढीजात काम. होळकरशाहीच्या दप्तरांत कारकुनी केलेल्यांचीच आपण नातवंडे-पतवंडे.

आता प्रत्यक्ष काम काय असते ते सांगतो. मोठा प्रकल्प यायचा असला की १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार होतो, आणि ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे तिथे निदान तीस दिवस आधी जाहिरात द्यावी लागते. अहवाल इंग्रजीत, कित्येकदा पाच-सहाशे पानांचा. त्याचा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो, पण सारांशात नेमके नको ते गाळलेले असते असा अनुभव. मूळ अहवाल वाचून ‘तुमची विहीर यात दाखवलेलीच नाही’ हे गावाला तीस दिवसांच्या आत सांगणारा माणूस हवा. गावकरी सुनावणीत बोलू शकतात, लेखी हरकतही पाठवू शकतात. मंजुरी मिळाली की अटी लागतात, आणि कंपनीला दर वर्षी १ जून व १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. हे अहवाल फारसे कोणी उघडत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर बरेच कागद मिळतात. न मिळणाऱ्यांसाठी दहा रुपयांचा माहितीचा अर्ज आहे. उपग्रहाची दर पाच दिवसांची छायाचित्रेही फुकट मिळतात, नाल्याचा भराव कधी पडला ते त्यांवरून तारखेसकट दाखवता येते.

हे सगळे घरून होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मध्य विभागाचे पीठ भोपाळला आहे आणि कोरोनापासून सुनावण्या पडद्यावरही होतात. पक्षकार वकिलाशिवाय स्वतः उभा राहू शकतो. मात्र मुदत कडक. मंजुरीविरुद्ध अपील तीस दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी साठ, त्यानंतर दार बंद. खटले मुदत हुकल्यामुळे जातात, म्हणून तारखांची वही ठेवणारा माणूससुद्धा या कामात मोलाचा.

भाषेचे एक उदाहरण द्यायलाच हवे. मार्च २०२० मध्ये केंद्राने २००६ ची अधिसूचना बदलण्याचा मसुदा काढला, तोही फक्त इंग्रजीत व हिंदीत. विक्रांत तोंगड दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ३० जून २०२० रोजी न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत मसुदा द्यायला सांगितले, हरकतींची मुदतही वाढवली. टाळेबंदीत घरात अडकलेल्या लोकांनी मसुदा वाचून, आपापल्या भाषेत समजावून लाखोंनी हरकती पाठवल्या. तो मसुदा अंतिम झाला नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही घरात असलेली आपली मुले असल्या कामात कुठे कमी पडतील?

पोटाचे काय, हे विचारणारच. खरे सांगायचे तर पगार बेताचा आणि नोकरी कच्ची. या क्षेत्राचा बराच पैसा परदेशी देणग्यांतून येई. २०२० च्या कायदादुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला असा निधी देण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. मोठ्या संस्थांनी कपात केली, खेड्यातल्या छोट्या गटांचा तर झराच आटला. दिल्लीच्या ‘लाइफ’ या वकिलांच्या संस्थेला २०२१ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, म्हणजे कामाला मान आहे. मान किराणा दुकानात चालत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. घरून काम म्हणजे सुरक्षित, असेही समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिशा रवी या तरुणीला एका संगणकीय दस्तऐवजावरून बंगळूरला अटक झाली होती. दहा दिवसांनी तिला जामीन मिळाला. आईवडिलांनी हे लक्षात ठेवूनच मुलांना हो म्हणावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. पंख्याखाली बसून अहवाल वाचणाऱ्याला हळूहळू वाटू लागते की गावाचे दुखणे आपल्यालाच जास्त कळते. कोणत्या विहिरीचे पाणी कधीपासून पिवळे झाले, हे उपग्रह सांगत नाही, घागर भरणारी बाई सांगते, आणि तीही तुम्ही चार वेळा ओसरीवर जाऊन बसलात तरच. शिवाय ती निमाडी किंवा भिली बोलते, आपली पुस्तकी हिंदी तिथे अर्धीच पोचते. म्हणून महिन्यातले तीन आठवडे घरून आणि एक गावात, अशीच कामाची वाटणी असावी. जायचे भाडे कोणी द्यायचे, हा प्रश्न संस्थेने आधी सोडवावा. आणि सुनावणीत माइक गावकऱ्याच्या हाती, आपण मागे कागद घेऊन.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवल्या आहेत. वाचनालयाची मागची खोली दुपारी रिकामी असते, तिथे एक संगणक, छपाईयंत्र आणि इंटरनेट द्यावे. आणि दर वर्षीच्या शिष्यवृत्त्यांपैकी दोन, कायदा किंवा विज्ञान शिकलेल्या अशा मुलामुलींना द्याव्या की जी एक वर्ष हे काम करतील. गणेशोत्सवाच्या मांडवखर्चातून थोडे वाचवले तर दोघांचे भागेल, असा आमचा हिशेब आहे. खजिनदार मान हलवताहेत, होकारार्थी की नकारार्थी ते इथून दिसत नाही.

सेवानिवृत्त मंडळींनाही आमंत्रण आहे. सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे, वीज मंडळ यांत आयुष्य काढलेली माणसे या सभागृहात बसली आहेत. निविदा आणि नकाशे तुमच्याइतके कोणाला वाचता येतात? येत्या रविवारी सकाळी दहाला, पोहे खाऊन झाल्यावर, वाचनालयात या. धार जिल्ह्यातल्या एका कारखान्याचा अटीपालनाचा अहवाल छापून ठेवला आहे. प्रत्येकाने वीस पाने घ्यायची आणि काय खटकते ते समासात पेन्सिलीने लिहायचे. चष्मा आणायला विसरू नका, टंक बारीक आहे.