तुरुंगाचे दार उघडल्यानंतर
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





आज येथे मुलांच्या परीक्षेतील यशाचे कौतुक झाले, नव्याने आलेल्या कुटुंबांचे स्वागत झाले आणि मायदेशी कायमचे परतणाऱ्यांना निरोपही देण्यात आला. हे सारे उचितच आहे. परंतु अशा आनंदाच्या दिवशी ज्याचे नाव आपण सहसा घेत नाही, त्या एका माणसाविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. तो माणूस म्हणजे परदेशातील तुरुंगातून सुटून घरी गेलेला आपला बांधव.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सौदी अरेबियाचे युवराज भारतभेटीवर गेले असता येथील तुरुंगांतील ८५० भारतीय कैद्यांच्या मुक्ततेचा आदेश निघाला. ती बातमी वाचून आपण सर्वांनी समाधान व्यक्त केले. मात्र विमानतळावर उतरल्यानंतर ते बांधव कोठे गेले, त्यांना काम मिळाले काय, घरच्यांनी त्यांना कसे स्वीकारले, हे प्रश्न आम्ही विचारले नाहीत. बातमी सुटकेपाशी संपली आणि आमची आस्थाही तेथेच संपली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, न्यायाधीन कैदी धरून दहा हजारांहून अधिक भारतीय परदेशांतील तुरुंगांत होते आणि त्यांपैकी २,६०० हून अधिक एकट्या सौदी अरेबियात होते. यांतील बहुतेक जण आज ना उद्या सुटतील. तेव्हा आपण त्यांच्याशी कसे वागणार, हाच आजचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तुरुंगात गेलेला प्रत्येक जण निरपराध असतो, असे आमचे म्हणणे नाही. चोरी, फसवणूक, मारामारी, मद्याची चोरटी विक्री हे गुन्हे आपल्या माणसांकडूनही घडतात. ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले त्याने शिक्षा भोगलीच पाहिजे. परंतु येथे राहणाऱ्या आपणा सर्वांना हेही ठाऊक आहे की, अटकेची कारणे अनेक असतात. कफिलाने इकाम्याचे नूतनीकरण केले नाही, म्हणून एखादा पकडला जातो. पगार थकल्यामुळे दुसरीकडे काम धरले, तर ‘हुरूब’ म्हणजे पळून गेल्याची नोंद होते. आणि ज्याच्या हातून वाहनाचा अपघात झाला, त्याची कथा तर सर्वांत निराळी असते.

येथील न्यायव्यवस्थेत सार्वजनिक हक्क आणि खाजगी हक्क असे दोन भाग मानले जातात. राज्याने दिलेली शिक्षा भोगून झाली, तरी ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई चुकती होईपर्यंत माणूस तुरुंगातच राहू शकतो. अनवधानाने घडलेल्या मृत्यूसाठीची दियत २०११ मध्ये तीन लाख रियाल ठरविण्यात आली. दरमहा पंधराशे रियाल मिळविणारा एखादा चालक डोळ्यांसमोर आणा. वाहनाचा विमा मालकाने भरलेला नसेल, तर ही रक्कम म्हणजे त्याचा २०० महिन्यांचा पगार होय. घरी एक पैसा न पाठवता, पोटात अन्नाचा कण न घालता, सोळा वर्षे आठ महिने राबल्यावर ती फिटेल!

अशा प्रसंगी समाज एकत्र आला तर काय होऊ शकते, तेही आपण पाहिले आहे. २००६ पासून रियाधच्या तुरुंगात असलेल्या केरळमधील एका चालकाचा मृत्युदंड टळावा म्हणून २०२४ मध्ये सुमारे ३४ कोटी रुपयांची लोकवर्गणी जमा झाली. त्या दातृत्वाला आमचे वंदन आहे. परंतु वर्गणीने प्राण वाचतात. मोडलेले आयुष्य पुन्हा उभे करण्यासाठी आणखी काही लागते.

आपल्या गावाजवळच्या तुरुंगातून सुटलेला माणूस फाटकाबाहेर पडून एस.टी.ने घरी जातो. जेथे त्याचे आयुष्य मोडले, तेथेच ते सावरण्याची थोडीफार संधी त्याला असते. परदेशी कैद्याच्या वाट्याला बहुधा ती येत नाही. तो तुरुंगातून निघतो तो ‘तरहील’मध्ये, म्हणजे हद्दपारीच्या केंद्रात जातो. त्याचा पासपोर्ट हरवलेला किंवा मुदत संपलेला असतो. मग दूतावासाकडून आउटपास येईपर्यंत थांबावे लागते. त्यानंतर बोटांचे ठसे घेऊन त्याला थेट विमानात बसवितात. खोलीतील सामान खोलीतच राहते. थकलेला पगार व सेवासमाप्तीची रक्कम कंपनीच्या वहीतच राहते. हद्दपार झालेल्याला कामासाठी पुन्हा येथे येण्याची वाट सहसा बंद होते. दहा वर्षे ज्या हातांनी येथे वेल्डिंग केले, त्या हातांच्या कौशल्याचा दाखला देणारा एक कागदही त्याच्याजवळ नसतो.

आणि गावी काय वाढून ठेवलेले असते? व्हिसासाठी काढलेले कर्ज व्याजासह उभे असते. पत्नीने मंगळसूत्र गहाण टाकलेले असते. ज्या मुलाला तो रांगता सोडून गेला, तो मुलगा आता दाराआडून परक्या माणसाकडे पाहावे तसा त्याच्याकडे पाहतो. इकामा संपल्याने अडकलेला आणि दरोडा घालून अडकलेला यांतील भेद गावाला ठाऊक नसतो. ‘सौदीत आत होता’ एवढे तीन शब्द पुरे होतात. लेकीचे स्थळ पाहायला आलेले पाहुणे चहा घेऊन जातात आणि पुन्हा निरोप पाठवीत नाहीत. न्यायालयाने दिलेल्या शिक्षेला निदान मुदत असते. या दुसऱ्या शिक्षेला मुदतही नाही आणि अपीलही नाही.

बंधू-भगिनींनो, माथी मारलेला कलंक म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावे? १८७१ च्या कायद्याने आपल्या देशातील कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारांच्या आत माणसांच्या पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि ते बांधव ‘विमुक्त’ म्हणविले गेले. परंतु गावात चोरी झाली की पोलीस प्रथम त्यांच्याच पालावर जात राहिले. तारा निघाल्या तरी शिक्का निघाला नाही. तुरुंगाच्या आतही जातीने पिच्छा सोडला नव्हता. झाडलोट कोणी करावी आणि स्वयंपाक कोणी करावा, हे जात पाहून ठरविणारे नियम अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे घडले! ज्या समाजाने जन्माचा शिक्का नाकारण्यासाठी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर नवा जन्म घेतला, त्याच समाजाने आपल्याच माणसाच्या कपाळी दुसरा शिक्का मारावा काय?

परमपूज्य बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेसाठी बाबासाहेबांनी त्यात स्वतंत्र भाग ठेवला आहे. राजे, श्रेष्ठी आणि विद्वान यांच्या दीक्षेबरोबर अंगुलिमालाची दीक्षाही त्यांना महत्त्वाची वाटली, हे आपण ध्यानात घ्यावे.

अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो, पण बहुधा अर्धीच सांगतो. तो तथागतांना शरण गेला, येथे आपण थांबतो. मज्झिम निकायातील सुत्त तेथे थांबत नाही. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडण्यास निघाला होता. वाटेत तो तथागतांना भेटला. अंगुलिमाल शीलवान भिक्खू झालेला दिसला तर काय कराल, असे तथागतांनी त्याला विचारले. आम्ही त्याचा आदर करू, असे राजा म्हणाला. आणि शेजारीच बसलेला अंगुलिमाल दाखविताच तो भयभीत झाला. तरीही त्याने आपला शब्द पाळला. राजदंड अशा रीतीने मागे हटला. पण लोकांचे काय? श्रावस्तीत भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर ढेकळे, काठ्या आणि खापऱ्या पडल्या. डोके फुटलेले, भिक्षापात्र भंगलेले, चीवर फाटलेले, अशा स्थितीत तो परतला. तथागतांनी त्याला हे सहन करण्यास सांगितले. केलेल्या कर्माचा विसर त्यांनी त्याला पडू दिला नाही; पण त्याला संघातून बाहेरही काढले नाही.

या कथेतून आम्ही एवढेच घेतो. तथागतांनी त्या माणसाला तीन गोष्टी दिल्या. पात्र दिले, म्हणजे उपजीविका दिली. चीवर दिले, म्हणजे नवी ओळख दिली. संघ दिला, म्हणजे सोबत दिली. यांतील एकही कमी पडली असती, तर अंगुलिमाल पुन्हा जंगलात गेला नसता, असे कोणी सांगावे? सुटून आलेल्या बांधवालाही याच तीन गोष्टी हव्या असतात.

आणि हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. कैद्याने तेथे भिंतीविना राहावे, शेती करावी, कुटुंबाला सोबत ठेवावे, अशी तिची रीत आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे त्याच प्रयोगाची प्रेरणा होती. आपण राहतो त्या सौदी अरेबियातही कैदी, सुटलेले कैदी आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी ‘तराहुम’ नावाची राष्ट्रीय समिती आहे. आणि आर्थिक देण्यांपायी तुरुंगात पडलेल्यांची देणी येथील नागरिक ‘फुरिजत’ या सेवेद्वारे फेडतात. यजमानांकडून एवढे तरी आपण शिकावे.

शासनाची साधनेही काही आहेत. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधीतून दूतावास कायद्याची मदत आणि अडलेल्यांना परतीचे तिकीट देऊ शकतो. शिक्षा झालेल्या कैद्यांना मायदेशी नेऊन उर्वरित शिक्षा घरच्यांजवळ भोगू देणारा करार दोन्ही देशांमध्ये २०१० मध्ये झाला. परंतु विमानातून उतरल्यानंतरच्या पहिल्या वर्षासाठी त्या निधीत तरतूद नाही. केरळ शासनाने परतलेल्या स्थलांतरितांना उद्योगासाठी कर्ज व अनुदान देणारी योजना नोर्का विभागामार्फत चालविली आहे. आपल्या महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. अनुसूचित जातींच्या व्यक्तींना विनामूल्य वकील देणारे विधी सेवा प्राधिकरण जिल्ह्याजिल्ह्यात आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही तो हक्क आहे. पण तुरुंगातून आलेला, खचलेला माणूस या कचेऱ्यांच्या पायऱ्या एकटा चढत नाही. कोणीतरी सोबत जावे लागते.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही चार विनंत्या ठेवतो.

पहिली, आपला माणूस अटकेत असतानाच त्याच्या थकलेल्या पगाराचा हिशोब आणि मुखत्यारपत्र तयार व्हावे, म्हणजे हद्दपारीनंतरही त्याचा दावा चालविता येईल. दुसरी, सुटकेसाठी आपण जी वर्गणी काढतो, तिचा एक भाग त्याच्या गावाकडील पहिल्या वर्षासाठी राखून ठेवावा; मुलांची फी आणि कामाची हत्यारे त्यातून घ्यावीत. तिसरी, त्याच्यासोबत काम केलेल्यांनी त्याच्या कौशल्याचा लेखी दाखला आपल्या सहीनिशी द्यावा. त्यात काहीही खोटे लिहू नये. तो उत्तम वेल्डर होता, हे सत्य पुरेसे आहे. चौथी विनंती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा त्याच्या घरी जा. ओसरीवर बसा, चहा घ्या, चारचौघांत त्याला नावाने हाक मारा.

आम्ही हे उपदेश म्हणून सांगत नाही. तिकिटासाठी पैसे देताना आमचा हात कधी आखडला नाही. पण सुटून गेलेल्या बांधवाचा फोन आल्यावर, तो काय मागेल या शंकेने आम्ही तो वाजू दिला आहे. त्या वाजत राहिलेल्या फोनची लाज आजही आमच्या मनात आहे. दगड मारणाऱ्या श्रावस्तीकरांपेक्षा आम्ही फार निराळे होतो, असे आम्हाला म्हणता येत नाही.

तुरुंगाचे दार शासन उघडते. घराचे दार घरचे लोक उघडतात. त्या दोन दारांमधील रस्ता मात्र समाजाने बांधायचा असतो. तो बांधण्याचे काम या वर्षापासून आपली संघटना हाती घेईल, अशी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!