‘फेंड’ : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा
(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



इ. स. २००० पासून आपल्या शाळांतून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तेव्हा इंग्रजी शब्दांची कुळी पाहण्याचे काम हायस्कुलातील शिक्षकांवर सोपवून आपणांस स्वस्थ बसता येणार नाही. आज मी ‘फेंड’ हे एकच क्रियापद घेतले आहे. ‘फाइंड’शी त्याचा घोटाळा पुष्कळदा होतो, लिहिताना फरक एकाच अक्षराचा, नाते मात्र कसलेच नाही.

याचे मूळ लॅटिन ‘देफेन्देरे’. ‘दे’ म्हणजे दूर आणि ‘फेन्देरे’ म्हणजे हाणणे. अंगावर येणारा वार परतवून लावणे, हा मूळचा अर्थ होय. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत ‘डिफेंड’ या रूपाने आला व पुढे आरंभीचे अक्षर गळून ‘फेंड’ उरला. असे गळणे आपणांस नवे नाही. ‘अरण्या’चे रान आणि ‘अरघट्टा’चा रहाट असेच झाले. ‘डिफेन्स’चा ‘फेन्स’ झाला, म्हणून कुंपणही फेन्स व तलवारीचे हात करणेही फेन्सिंग. जहाज धक्क्यावर आदळू नये म्हणून मध्ये टांगतात तो ‘फेंडर’. ‘ऑफेंड’ हेही याच घरचे. तेथे वार समोरच्यावर होतो, इतकेच.

वर मी ‘हाणणे’ हा शब्द योजला, तो सहज नव्हे. हे ‘फेन्देरे’ आणि संस्कृतातील ‘हन्’ यांचा मूळ धातू एकच, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि ‘हन्’पासूनच आपले ‘हाणणे’ आले. विटी हाणणाऱ्या पोराला हे सांगून पाहावे. परका वाटणारा शब्द दूरच्या आप्ताप्रमाणे ओळखीचा होतो.

आज या क्रियापदाचे प्रयोग मुख्यतः दोन. ‘ऑफ’ जोडला की परतवून लावणे : कुत्रा, टीका, प्रश्न, काहीही. ‘फॉर’ जोडून पुढे ‘स्वतः’वाचक सर्वनाम आले की आपले आपण भागविणे. हा दुसरा प्रयोग सतराव्या शतकापासून रूढ आहे.

येथे मात्र जपावे लागते. या दुसऱ्या प्रयोगाचा अर्थ ‘स्वावलंबी होणे’ असा एका शब्दात सांगून पुष्कळ जण मोकळे होतात. माझ्या मते हे अर्धेच झाले. स्वावलंबन हा आपल्याकडे गुण आहे. तो शिकवावा लागतो, त्यामागे शिकविणारा उभा असतो. ‘फेंड’मध्ये पुष्कळदा पाठीशी कोणीच नसते. ‘लेफ्ट टु फेंड फॉर देमसेल्व्हज’ असे मुलांविषयी म्हटले, तर ती स्वावलंबी झाली असा अर्थ नव्हे. त्यांना वाऱ्यावर सोडले, असा आहे. वार चुकविण्याचा जुना भाव त्यात अजून जिवंत आहे.

दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, ही आपल्यापैकी अनेकांची स्थिती मी जाणतो. एका वर्गाला वाचन देताना शेजारचा वर्ग स्वाध्यायास लावावाच लागतो. तो वर्ग स्वावलंबनाने बसला आहे की नुसता ‘फेंड’ करीत आहे, हे फळ्यावरून कळते. काय करावयाचे, अडल्यास कोणाला विचारावयाचे आणि गुरुजी केव्हा तपासणार, हे तीन तपशील तेथे लिहिलेले असावेत. पुढील भेटीत पाठटाचणाबरोबर मी तो फळाही पाहणार आहे.