ओळखीवांचून उधारी

उधारी जगाला नवी नाहीं. वाणी वहींत नांव मांडतो व ग्राहक महिनाअखेर हिशेब चुकता करतो. परंतु त्यासाठीं दोघांची ओळख लागते. अनोळखी दुकानांत उधारी मिळावी कशी, हा प्रश्न क्रेडिट कार्डानें सोडविला.

१९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें डायनर्स क्लब निघाला. त्याचें कार्ड अनेक उपाहारगृहांत चाले. मात्र देणें दरमहा पुरतें फेडावें लागे. पुढें १९५८ च्या सप्टेंबरांत बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरीं सुमारें ६०,००० कार्डें, कोणीं मागितलीं नसतां, टपालानें धाडलीं. येथें देणें थोडेंथोडें फेडण्याची सवलत होती. तेंच कार्ड १९७६ पासून 'व्हिसा' झालें. न मागतां कार्डें धाडण्यास अमेरिकन कायद्यानें १९७० सालींच बंदी केली होती.

कार्ड पुढें केलें कीं ग्राहकाची बँक संमति देते. दुकानदारास त्याच्या बँकेमार्फत, थोडी कसर कापून, पैसे मिळतात. मुदतींत सर्व खरेदीचें बिल भरणारास व्याज पडत नाहीं. पण बिलावर 'किमान रक्कम' छापलेली असते, आणि मोह तेथेंच आहे. दरमहा शेकडा ३ व्याज धरल्यास १०,००० रुपयांच्या बाकीवर महिन्याचे ३०० रुपये होतात. ५०० रुपये भरणाराचें मुद्दल अवघ्या २०० रुपयांनीं उतरतें.

बाकी थकली कीं वाणी हात आखडता घेई. बँक मात्र किमान रक्कम भरणारास पुनः उधार देण्यास राजी असते. म्हणून सुज्ञ गृहस्थानें वाण्याची ती वही आतां स्वतःच ठेवावी.