पदर धरू की कागद?

(ग्रामपंचायत सदस्यांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणावरून)



आमदार-खासदारांना पोशाखाचे नियम असावेत का, हा विषय मला दिला तेव्हा मी थोडी नाराजच झाले. म्हटलं, पाणी, रेशन, घरकुलं एवढं सगळं पडलेलं असताना कपड्यांवर काय बोलायचं? पण काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यातल्या एकीनं जे सांगितलं, तिथूनच सुरुवात करते. नाव घेणार नाही, तशी तिची अट आहे.

ती पहिल्यांदा निवडून आली. पहिल्या मासिक सभेला निघताना सासूनं बजावलं, डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, गावातली थोरली माणसं बसलेली असतात. सभेत रजिस्टर पुढे आलं. "वहिनी, इथे सही करा." ही म्हणाली, वाचून करते. एका हातानं पदर धरलेला, दुसऱ्या हातानं पानं उलटायची, मग पेन धरायला तिसरा हात आणायचा कुठून? काल हे ऐकून आपण सगळ्या पोट धरून हसलो. तेव्हा ती म्हणाली, "हसताय काय? त्या दिवशी मी न वाचताच सही केली." आणि ठराव कसला होता, तर तिच्याच वस्तीला मंजूर झालेला हातपंप दुसऱ्या आळीत नेण्याचा.

आता सांगा, सदस्येनं डोक्यावर पदर घेतलाच पाहिजे असं कुठल्या कायद्यात आहे? कुठेच नाही. आपल्या संसदेतही बाईनं अमुकच नेसावं असा लेखी नियम नाही. पण २०१९ साली मिमी चक्रवर्ती आणि नुसरत जहाँ या दोन नव्या खासदार पँट घालून संसदेच्या आवारात गेल्या, फोटो काढले, तर केवढा गहजब झाला! संसद म्हणजे काय शूटिंगची जागा आहे का, इथपर्यंत त्यांना ऐकवलं गेलं. त्याआधी १९९७ साली महिला आरक्षणाच्या विधेयकाला विरोध करताना शरद यादवांनी 'परकटी' बायकांचा, म्हणजे केस कापलेल्या बायकांचा, उद्धार केला होता. चर्चा होती जागांची, आणि माप काढलं केसांचं.

मग काही जणी म्हणतात, ताई, न लिहिलेला नियम आपल्याच गळ्याशी येतो, त्यापेक्षा एकदाचं लिहूनच टाकावं. लिहिलेल्यावर भांडता तरी येतं. मलाही बरेच दिवस असंच वाटायचं. माझं मत बदललं ते तुर्कस्तानची हकिगत वाचून.

तिथल्या संसदेत पोशाखाचा नियम लेखी होता. १९९९ साली मर्वे कवाकची नावाची बाई निवडून आली आणि डोक्याला रुमाल बांधून शपथ घ्यायला गेली. सभागृहात "बाहेर, बाहेर" असा गलका झाला. तिला शपथ घेता आली नाही. लोकांनी निवडून दिलेली बाई, पण डोक्यावरच्या कापडापायी तिची मतं वाया. हे करणारे स्वतःला आधुनिक म्हणवणारे, धर्मनिरपेक्षतेचे कैवारी होते, हे विशेष. त्याच संसदेत बायकांनी पँट घालायची नाही, कोट आणि स्कर्टच घालायचा, असाही दंडक होता. शाफाक पावे ही दुसऱ्या बाजूची, रुमालवाल्यांच्या विरोधी पक्षाची खासदार. रेल्वे अपघातात तिचा एक हात आणि एक पाय गेला होता. स्कर्ट घातला की कृत्रिम पाय सगळ्यांना दिसणार. तरी पँट चालायची नाही! २०१३च्या ऑक्टोबरअखेर चार जणी रुमाल बांधून सभागृहात बसल्या, आणि पुढच्याच महिन्यात पँटवरची बंदीही उठली. एकीला झाकायचं होतं डोकं आणि दुसरीला पाय. राजकारण परस्परांच्या उलट, आणि अडवणारं नियमाचं पुस्तक एकच.

ज्यांना अडवलं त्यांची यादी लांब आहे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये बायकांनी पँट घालून यायचं नाही अशी रीत १९९३ पर्यंत चालली. कॅरल मोझली ब्राऊन आणि बार्बरा मिकुल्स्की पँट घालून गेल्या, तेव्हा बदलली. न लिहिलेली रीतही मोडता येते, एवढं त्यातून दिसतं. त्याच सिनेटनं २०२३ साली पोशाखाचा ठराव केला. त्यात पुरुषांनी कोट, टाय आणि लांब पँट घालावी असं स्पष्ट लिहिलं, बायकांनी काय घालावं ते लिहिलंच नाही. म्हणजे मोकळीक म्हणायची, की आठवणच झाली नाही?

आणि केनियाची गोष्ट. २०२३च्या फेब्रुवारीत ग्लोरिया ओरवोबा ही सिनेटर पांढऱ्या कपड्यांत सभागृहात आली. पँटवर पाळीचा डाग होता. सहकाऱ्यांनी हरकत घेतली आणि सभापतींनी तिला बाहेर जाऊन कपडे बदलून यायला सांगितलं. डाग लपवायचा कशाला, ही लाज मोडायचीच आहे, असं तिचं म्हणणं. इथे बसलेल्या आपल्यापैकी सभेत शेवटपर्यंत उठलीच नाही, पाठीमागून कोणी पाहील म्हणून, अशी एकही नसेल असं मला वाटत नाही.

सभागृहाची प्रतिष्ठा राखायला नको का, हा प्रश्न मी उडवून लावत नाही. सगळ्यांचा वेष सारखा असला की गरीब-श्रीमंत कळत नाही, हेही ऐकते. पण प्रतिष्ठेची आठवण नेमकी कुणाच्या बाबतीत होते, ते पाहा. २०२१ साली गुजरात विधानसभेत विमल चुडासमांना टी-शर्ट घातला म्हणून बाहेर काढलं. याच वेषात प्रचार केला, लोकांनी याच वेषात ओळखलं, असं ते सांगत होते. खुर्च्या फेकणारे आणि राजदंड पळवणारे मात्र कडक इस्त्रीच्या कपड्यांतही असतात.

याचा अर्थ कपड्यांना महत्त्व नाही असा कुणी काढू नका. १९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती पद्धत टाका. बायकांनी ती टाकली. त्यांच्यासाठी नीट नेसणं म्हणजे मान घेणं होतं. आजही एखादी दलित सदस्य चांगली साडी नेसून सभेला आली की "फार नटायला लागली" म्हणणारे आहेतच. आणि जुनं लुगडं नेसून आली तर "हिला काय कळतंय?" त्यामुळे साधं राहा, खादीच वापरा, असा उपदेश आपल्याच चळवळीतल्या ताया करतात, तोही मला पटत नाही. पूर्वी मीही केलाय.

नियम करायचाच असेल तर माझ्या मते एकच करावा. निवडून आलेल्या कुठल्याही व्यक्तीला कपड्यांवरून सभेबाहेर काढता येणार नाही, तिची सही, तिचं मत, तिचं बोलणं थांबवता येणार नाही. संसदेपासून ग्रामपंचायतीपर्यंत. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. हे आपण मागायचं नाही तर कुणी?

तिच्या गोष्टीचं राहिलं. पुढच्या सभेला तिनं पदर डोक्यावरच घेतला, सासूशी भांडली नाही. पण दोन्ही बाजूंनी पिना लावून केसांना घट्ट अडकवला आणि दोन्ही हात मोकळे ठेवले. आता रजिस्टर वाचून होईपर्यंत सगळे थांबतात, कुरकुरत का होईना. हातपंप मात्र गेला तो गेलाच.

चहा आलाय. त्यानंतर गटात बसू. सभेत कपड्यांवरून, बसायच्या जागेवरून काय काय ऐकून घेतलं, ते प्रत्येकीनं लिहून काढा. जिला लिहायचा कंटाळा असेल तिनं शेजारणीला सांगा, ती लिहील.