तारेतील वीज : टेस्टरची साक्ष किती खरी?



शाळा उघडण्याच्या दिवसांत पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, अशा तक्रारी गावोगाव निघतात. भिंतीत पावसाची ओल उतरलेली असते, वायरमन तालुक्याच्या गावी असतो, आणि खिशात टेस्टर बाळगणारा एखादा उत्साही शिक्षक स्टुलावर चढतो. टेस्टर उजळला नाही, की तारेत वीज नाही असे मानून तो तिला हात घालतो. धोका आहे तो या समजुतीत. टेस्टर उजळल्यास तारेत वीज आहे असे मानूनच वागावे. पण तो उजळला नाही एवढ्यावरून वीज नाही, असे मुळीच सिद्ध होत नाही.

टेस्टरच्या पोटात निऑन वायूचा चिमुकला दिवा व त्याच्याशी जोडलेला मोठा रोध असतो. वीज या दोहोंतून, मागच्या टोपीवर टेकलेल्या बोटावाटे, माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जाते. रोध सुमारे दहा लाख ओहम असला तर २३० व्होल्टला हा प्रवाह पाव मिलिअँपिअरहूनही कमी भरतो. म्हणून झटका जाणवत नाही. पण तपासणारा रबरी चपला घालून कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असेल तर हा मार्ग अडतो आणि उजेड मंदावतो. त्यात खिडकीतून ऊन येत असेल तर तो दिसतही नाही. दिवा आतून निकामी झाला असेल, तर विचारावयासच नको. टेस्टर ओला असल्यास वीज बाहेरच्या ओलीवरून थेट हातात येण्याचे भय असते, ते निराळेच.

म्हणून जाणता वायरमन एकाच तपासणीवर थांबत नाही. वीज असल्याची खात्री असलेल्या पिनेवर तो टेस्टर आधी लावतो, मग संशयित तारेला, आणि पुन्हा त्याच पिनेवर. पहिल्या व शेवटच्या वेळी उजेड पडला तरच मधल्या अंधाराला काही किंमत. वजन करण्यापूर्वी रिकामी पारडी समतोल आहेत का हे मुलांस पाहावयास लावणाऱ्या शिक्षकाला ही रीत परकी वाटू नये. मेन स्विच बंद केल्यावर शाळेत अशी चालू पीन उरत नाही, हे खरे. तेव्हा शेजारच्या घरातील पीन उपयोगी पडते.

बटन बंद असणे हाही पुरावा नव्हे. बटन चुकून न्यूट्रलवर बसविलेले असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहते. न्यूट्रल कोठे तुटली असेल तर बटन चालू असताना दिवा लागत नाही, मात्र वीज त्याच दिव्यातून परतीच्या तारेत उतरते व टेस्टर दोन्हीकडे उजळतो. तारांच्या रंगांवरही विसंबू नये. जुन्या कामात फेज लाल व न्यूट्रल काळी आढळते, काही नव्या केबलींत तपकिरी व निळी. आणि तारा जोडणाऱ्याने रंग पाळले असतीलच, असे नाही. गावची वीज गेली आहे म्हणून काम उरकणे तर सर्वांत वाईट. ती केव्हाही परत येते, आणि शाळेत इन्व्हर्टर असेल तर तारेतून ती गेलेलीच नसते.

उलट्या हाताने तार चाचपण्याची एक खोड काही ठिकाणी आढळते. सुमारे १० मिलिअँपिअरला स्नायू आखडून पकडलेली तार सुटत नाही. उलटा हात आखडला तर तारेपासून दूर जाईल, असा त्यामागचा हिशेब आहे. तो हाताचा हिशेब झाला. छातीतून जाणारी वीज हृदयाची लय बिघडवू शकते, ते त्यात धरलेले नाही.

शिक्षकाने बोर्ड उघडू नये. मेन स्विच बंद करावा, कोणी तो चालू करू नये अशी चिठ्ठी त्यावर लावावी, खोलीला कुलूप घालावे व परवानाधारक वायरमनसाठी ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण मेनपाशी आहे का, हेही त्याच पत्रात विचारावे. पुष्कळ शाळांत मेन स्विचसमोर जुने बाक व फुटके फळे रचलेले असतात; ती अडगळ वायरमन येण्यापूर्वीच हलवावी.